चाळ सुटले, ताल राहिला

सिनेमा सुटला की बाहेर पडणारी माणसे नायक-नायिकेविषयी बोलत असतात. गाणी कशी होती, शेवट पटला की नाही, ही चर्चा सायकल स्टँडपर्यंत चालते. पण चार दिवसांनी घरात गप्पा मारताना आठवते ते भलतेच कोणी. दोनच प्रसंगांत आलेली एखादी खट्याळ आजी, एखादा तिरसट कारकून, दारात उभी राहून एकच वाक्य बोलून गेलेली एखादी मोलकरीण. सगळी मिळून पडद्यावर पाच-सात मिनिटे असतील, पण ती मनात घर करून बसतात. या कलावंतांना आपण चरित्र अभिनेते म्हणतो. त्यांचे नाव उशिरा येते, भिंतीवरच्या पोस्टरवर तर बहुतेक येतच नाही.

अशाच एका चरित्र अभिनेत्रीची हकिगत आज सांगायची आहे. त्यांचे नाव जोहरा सहगल. जन्म २७ एप्रिल १९१२चा, मृत्यू १० जुलै २०१४चा. एकशे दोन वर्षांच्या या आयुष्यात तिशी ओलांडेपर्यंत त्या नर्तकी होत्या आणि पुढची साठहून अधिक वर्षे अभिनेत्री. मुंबईच्या रंगभूमीवर त्या चौदा वर्षे उभ्या राहिल्या, इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर नाव मिळवले आणि ऐंशीनंतर हिंदी चित्रपटातली आजी म्हणून घराघरांत पोचल्या. नायिका म्हणून त्यांची ओळख कधीच झाली नाही. मग इतकी वर्षे त्या टिकल्या कशाच्या बळावर? माझे उत्तर सरळ आहे : नाचाच्या बळावर.

नाचातून अभिनयाकडे जाणारी वाट आपल्याला काही नवी नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलामपोडांवर आणि गोंडांच्या वस्त्यांत दिवाळीच्या सुमारास दंडार उभी राहते. तिथे नाचणारा वेगळा आणि सोंग आणणारा वेगळा, अशी वाटणी कोणी करत नाही. मराठी चित्रपटातही असेच घडले. जयश्री गडकर १९५५ सालच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये समूहनृत्यातल्या अनेक मुलींपैकी एक होत्या. त्या 'सांगत्ये ऐका'च्या नायिका झाल्या आणि १९८७ साली दूरदर्शनवरच्या 'रामायणा'त कौसल्या होऊन घरोघरी गेल्या. सोलापूरच्या शशिकला लहानपणी गावोगावी नाचत-गात होत्या. पुढे 'आरती' आणि 'गुमराह' या चित्रपटांतल्या सहायक भूमिकांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. जोहराबाईंची वाट हीच, फक्त ती जर्मनीतून सुरू झाली आणि मुंबईवरून लंडनला जाऊन परत आली.

जोहराबाईंचा जन्म सहारनपूरचा, घराणे रामपूरकडच्या रोहिल्या पठाणांचे. बालपणीच ग्लॉकोमा होऊन डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. आई लवकर वारली. लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात शिक्षण झाले, तेही पडद्यात राहून. त्यानंतर घरच्या रीतीप्रमाणे लग्न व्हायचे. पण एडिंबरोला असलेल्या मामांनी या भाचीला युरोपात बोलावून घेतले. नात्यातल्या मंडळींबरोबर मोटारीने इराण, सीरिया, पॅलेस्टाईन असा रस्ता कापत त्या इजिप्तला पोचल्या आणि तिथून बोटीने युरोपात. हे साल १९३०. जाताना मनात नटी व्हायचे होते; पण जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मामीने त्यांना मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत नेऊन उभे केले. नाचाचा त्यांना तोवर गंधही नव्हता. तरी प्रवेश मिळाला. त्या शाळेत शिकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

मेरी विगमन हे युरोपातल्या आधुनिक नृत्याचे मोठे नाव. चवड्यांवर तरंगणारी परी, गुलाबी झगा, गोड गोड हालचाली हा बॅलेचा थाट त्यांनी बाजूला सारला होता. त्यांच्याकडे अनवाणी नाचायचे. दुःख असेल तर पाठीचा कणा काय करतो, भीती वाटली की बोटे कुठे जातात, संताप आला की पावले जमिनीवर कशी पडतात, याचा अभ्यास करायचा. कित्येकदा साथीला फक्त ढोल, झांज असली तालवाद्ये. सुंदर दिसायचे की नाही, हा प्रश्न तिथे नंतरचा. आधी खरे दिसायचे. जोहराबाईंनी तीन वर्षे हे शिक्षण घेतले. म्हणजे नर्तकी होण्याचे म्हणून जे शिकल्या, ते निम्मे अभिनयाचेच शिक्षण होते. त्याची किंमत कळायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली.

युरोपातच त्यांनी उदयशंकर यांचे शिव-पार्वती नृत्य पाहिले. उदयशंकर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. अॅना पावलोव्हा या जगप्रसिद्ध रशियन नर्तकीबरोबर ते नाचले होते आणि मग स्वतःचा संच घेऊन जगभर फिरत होते. या संचाच्या संगीताची धुरा पुढे विष्णुदास शिराळी यांनी वाहिली. शिराळी हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतला एक विद्यार्थी पॅरिस-न्यूयॉर्कच्या रंगमंचावर भारतीय वाद्यवृंद चालवत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ऑगस्ट १९३५मध्ये उदयशंकरांची तार आली आणि जोहराबाई संचात दाखल झाल्या. पुढची पाच वर्षे त्या जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका असे दौरे करत नाचल्या. संचातल्या प्रमुख नर्तकींमध्ये त्यांची गणना होऊ लागली.

१९४०च्या सुमारास उदयशंकरांनी हिमालयाच्या कुशीत अल्मोड्याला आपले कलाकेंद्र उभे केले. जोहराबाई तिथे शिक्षिका झाल्या. कथकलीला शंकरन नंबुद्री, मणिपुरीला अमोबी सिंह, संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, अशी गुरुमंडळी तिथे होती. त्या केंद्रात इंदूरचा एक तरुण शिकायला आला. नाव कामेश्वर सहगल. विज्ञानाची ओढ, चित्रकलेची आवड आणि नाचाचे वेड, असे अजब मिश्रण. जोहराबाईंपेक्षा तो आठ वर्षांनी लहान, शिवाय धर्म वेगळा. दोन्ही घरांतून कुरकुर झाली, पण १४ ऑगस्ट १९४२ला लग्न लागले. पंडित नेहरू या लग्नाला येणार होते. पण पाचच दिवस आधी, ९ ऑगस्टला 'छोडो भारत'च्या धरपकडीत त्यांना अटक झाली आणि लग्नाच्या दिवशी ते अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात बंदिस्त होते.

अल्मोड्याचे केंद्र पैशांअभावी चार-पाच वर्षांतच बंद पडले. पण तिथून बाहेर पडलेली माणसे मुंबई-पुण्याकडे आली, हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. गुरुदत्त नावाचा एक विद्यार्थी पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून आला. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढले आणि माणसांना कठपुतळ्यांसारखे नाचवून रामायण उभे केले. सहगल दांपत्याने आधी लाहोरला स्वतःची नृत्यशाळा काढून पाहिली. पण फाळणीपूर्वीच्या त्या तापलेल्या वातावरणात हिंदू-मुसलमान जोडप्याला तिथे राहणे कठीण झाले. लहानग्या मुलीला घेऊन दोघे मुंबईला आले.

१९४५ साली मुंबईत आलेल्या जोहराबाईंचे वय तेहतीस. पदरात मूल, डोक्यावर संसार आणि हातात अशी कला की जिला मोठा संच लागतो, वाद्यवृंद लागतो, पैसेवाला आश्रयदाता लागतो. यातले काही जवळ नाही. नाचणाऱ्याच्या आयुष्यात ही वेळ कधी ना कधी येतेच. गाणाऱ्याचा गळा साठीपर्यंत साथ देतो, चित्रकाराचा हात ऐंशीपर्यंत चालतो. नर्तकाचे गुडघे मात्र आधीच हिशेब मागू लागतात. अशा वेळी बरेच जण शिकवणी धरतात किंवा घरात बसतात.

जोहराबाईंची धाकटी बहीण उझरा तेव्हा पृथ्वीराज कपूर यांच्या 'पृथ्वी थिएटर्स'मध्ये नायिकेच्या भूमिका करत होती. पृथ्वीराजांनी ही नाटक कंपनी १९४४ साली काढली होती. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये प्रयोग होत आणि उरलेल्या दिवसांत सगळा संच रेल्वेने देशभर फिरे. जोहराबाई महिना चारशे रुपये पगारावर या कंपनीत रुजू झाल्या. आता यातली गंमत पाहा. जपान-अमेरिकेत जिच्या नाचाला टाळ्या पडल्या, ती मोठी बहीण दुय्यम भूमिकांत. आणि नायिका धाकटी बहीण. आपल्या बहिणीचा हेवा वाटत असे, हे जोहराबाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. पण हेवा वाटला म्हणून त्यांनी काम सोडले नाही. मिळेल ती भूमिका केली, कंपनीची नृत्ये बसवली आणि अशी चौदा वर्षे काढली.

पृथ्वीची नाटके नुसती करमणुकीची नव्हती. १९४५ सालच्या 'दीवार'मध्ये एकत्र नांदणाऱ्या भावांच्या घरात भिंत उभी राहते. फाळणी होण्याच्या दोन वर्षे आधीचे हे नाटक. 'पठान', 'गद्दार', 'आहुती' ही नाटकेही त्याच जखमेभोवती फिरत होती. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः दारात झोळी पसरून उभे राहत आणि प्रेक्षक जाता जाता तिच्यात पैसे टाकत. हे पैसे निर्वासितांसाठी आणि अडल्या-नडल्यांसाठी जात. कंपनी सोळा वर्षे चालली आणि १९६०मध्ये बंद झाली. जुहूला आज जे पृथ्वी थिएटर दिसते, ते शशी कपूर आणि जेनिफर यांनी १९७८ साली त्याच नावाने उभे केले.

याच काळात जोहराबाई 'इप्टा' या नाट्यचळवळीत होत्या. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'धरती के लाल' आणि चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' या १९४६ सालच्या दोन्ही चित्रपटांत त्यांनी काम केले. 'नीचा नगर'ला त्या वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला, जो इतर काही चित्रपटांबरोबर विभागून दिला गेला होता. १९५१ साली गुरुदत्तने आपला पहिला चित्रपट 'बाजी' काढला, तेव्हा नृत्ये बसवायला त्याने अल्मोड्याच्या आपल्या शिक्षिकेलाच बोलावले. जुनी ओळख कामी आली ती अशी.

१९५९ साली घरावर आकाश कोसळले. कामेश्वर यांनी स्वतःचे जीवन संपवले. दोन मुले, वय सत्तेचाळीस आणि कंपनीचेही दिवस भरत आलेले. जोहराबाई दिल्लीला गेल्या, तिथे नाट्यशिक्षणाच्या एका संस्थेची जबाबदारी घेतली आणि १९६२ साली नाटकाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला पोचल्या. पन्नाशीला टेकलेली बाई परदेशात पुन्हा विद्यार्थिनी झाली.

लंडनमध्ये सुरुवातीला त्यांना आधार दिला तो पुन्हा नाचानेच. प्रसिद्ध नर्तक रामगोपाल यांनी चेल्सी भागात काढलेल्या शाळेत त्या उदयशंकर शैलीचे नृत्य शिकवू लागल्या. ती शाळा अल्पायुषी ठरली. मग दूरचित्रवाणीचे दरवाजे ठोठावणे आले. त्या काळच्या इंग्लंडमधली स्थिती अशी होती, की पूर्वेकडच्या माणसाची बरी भूमिका असली तर चेहऱ्याला रंग फासून गोरा नटच ती करायचा. खऱ्या भारतीयांच्या वाट्याला उरायच्या त्या दासी, नोकर, गर्दीतली माणसे. १९६४ साली किपलिंगच्या एका कथेवरच्या नाट्यरूपांतरात त्यांना काम मिळाले. 'डॉक्टर हू' या मुलांच्या लाडक्या मालिकेत १९६५ साली त्या शेरा नावाच्या सेविकेच्या छोट्या भूमिकेत दिसल्या. ब्रिटनमधल्या आशियाई प्रेक्षकांसाठी बीबीसीने 'पडोसी' ही मालिका केली, तिचे सूत्रसंचालन त्यांनी केले. वीस वर्षे हे असेच चालले : आज एक प्रसंग, उद्या दोन वाक्ये, मग काही महिने काहीच नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नायकाला स्वतःची ओळख पटवून द्यायला अडीच तास मिळतात. चरित्र अभिनेत्याला मिळते अर्धे मिनिट. तेवढ्यात ही बाई कोण, श्रीमंत की गरीब, मायाळू की खाष्ट, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. संवाद तर मोजकेच. मग ते कळते ती आत आली कशी, बसली कशी, मान कुठे वळली, किती वेळ गप्प राहिली, यावरून. पाऊल टाकण्याआधीचा क्षणभराचा थांबा नर्तकाला ठाऊक असतो. समेवर यायचे म्हणजे काय, हे त्याच्या अंगात भिनलेले असते. विनोदाचे वाक्य नेमके कधी टाकायचे, यालाही तेच लागते. विगमनबाईंकडे तीन वर्षे जे गिरवले होते, ते अशा अर्ध्या-अर्ध्या मिनिटांत कामी येत होते. नाच थांबला होता, पण त्याची शिस्त रोज वापरात होती.

मग १९८०च्या दशकात वारे फिरले. ब्रिटिश राजवटीच्या आठवणींवरचे चित्रपट आणि मालिका तिकडे एकामागून एक येऊ लागल्या. १९८२ साली सुरू झालेल्या चॅनल फोर या वाहिनीने स्थलांतरितांच्या जगण्यावर कार्यक्रम काढले. आता भारतीय भूमिकेला भारतीय चेहराच हवा होता. १९८४ साली 'द ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका गाजली. तिच्यात इंग्रज तरुणी डॅफनी मॅनर्सला आपल्या घरी ठेवून घेणारी करारी लेडी चटर्जी जोहराबाईंनी उभी केली. तेव्हा त्या बहात्तरीच्या घरात होत्या. त्यापाठोपाठ सईद जाफरींबरोबरची 'तंदूरी नाइट्स' ही विनोदी मालिका आली, १९९३ साली गुरिंदर चढ्ढांचा 'भाजी ऑन द बीच' आला. सेवानिवृत्त होऊन पंधरा वर्षे लोटली असती, त्या वयात त्यांचे दिवस उजाडले.

त्याच १९९३ सालची आणखी एक घटना. बहीण उझरा साठच्या दशकात पाकिस्तानात स्थायिक झाली होती. पृथ्वीच्या रंगमंचावर एकत्र उभ्या राहणाऱ्या दोघी बहिणी दोन देशांच्या झाल्या. लाहोरच्या 'अजोका' या नाट्यसंस्थेने दोघींसाठी 'एक थी नानी' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेले, दुरावलेल्या दोन बहिणींचे हे नाटक. तोवर जोहराबाई एक्याऐंशीच्या आणि उझरा पंचाहत्तरीच्या पुढची. 'दीवार' करणाऱ्या कंपनीतल्या या दोन बहिणींना खऱ्या भिंतीपलीकडून एकमेकींचा हात धरायला कित्येक वर्षे लागली. पूर्वी एक नायिका आणि एक दुय्यम अशी वाटणी होती. या नाटकात दोघीही प्रमुख होत्या.

पुढचे आपण सर्वांनी पाहिले आहे. 'दिल से', 'हम दिल दे चुके सनम', 'वीर-झारा', 'सावरिया' या चित्रपटांतली ती मिस्कील डोळ्यांची म्हातारी. २००७ सालच्या 'चीनी कम'मध्ये चौसष्ट वर्षांच्या अमिताभला खडसावणारी त्याची आई त्यांनी पंच्याण्णवीच्या उंबरठ्यावर केली. १९९८ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण आणि २०१० साली पद्मविभूषण असे मान मिळाले. व्यायाम आणि पाठांतर हा नेम त्यांनी नव्वदीतही मोडला नाही. कार्यक्रमात त्यांना उभे केले, की हफीज जालंधरींच्या नज्मा कागदाशिवाय म्हणत आणि सभागृह डोक्यावर घेत.

हे सगळे सांगायचे कारण दूरचे नाही. आपल्या गावांत शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली फार सुरेख नाचतात. आठवी-नववीपर्यंत आईवडील कौतुकाने बघतात. दहावी आली की चाळ कपाटात जातात. नाचून काय मिळणार, असे विचारले जाते. हा प्रश्न चुकीचा नाही. पोटाची काळजी खोटी नसते आणि जोहराबाईंनाही ती आयुष्यभर सुटली नव्हती. पण नाच म्हणजे मोठी नर्तकी होणे किंवा सोडून देणे, एवढेच दोन रस्ते नसतात. ज्या मुलीला उभे राहावे कसे, थांबावे कधी आणि न बोलता सांगावे कसे हे कळले, ती पुढे नाटकात गेली, वर्गात शिकवायला उभी राहिली किंवा ग्रामसभेत बोलायला उठली, तरी ते शिक्षण तिच्याबरोबर जाते.

'चीनी कम' अजूनही कधीकधी टीव्हीवर लागतो. लागला तर त्या आईकडे जरा नीट पाहा. संवादाकडे नको, तिच्या बसण्याकडे पाहा. मान ताठ, हात मोजून हलणारे, आणि वाक्य टाकायच्या आधी एक छोटासा थांबा. तो थांबा १९३० साली ड्रेस्डेनमध्ये शिकायला सुरुवात केलेला आहे.